मासे बरे हायत

शाहूपुरीच्या मागच्या एका गल्लीत, परसातल्या भिंतीला टेकून बसलेला ऑइलचा जुना ड्रम तो मीच, मित्रांनो. माझ्या बुडाला गंजून भोक पडलंय आणि एका कुशीला मोठा पोचा आहे. याला भंगारात का देत नाहीत, असं येणारा-जाणारा म्हणतो. म्हणू देत. मी नुसता ड्रम नाही. अकरा वर्षं मी एका हौदाची गाळणी होतो. माझ्या पोटातून जेवढं पाणी गेलं तेवढं या गल्लीतल्या सगळ्या नळांनी मिळून सोडलं नसेल. यात थोडी बढाई आहे, पण थोडीच.

माझा जन्म कुठल्या गावचा ते मला ठाऊक नाही. आठवतं ते उद्यमनगर. तिथल्या एका कारखान्यात इंजिनांचे सुटे भाग कातायचे आणि कातताना लेथवर सोडायचं तेल माझ्यात भरलेलं असायचं. तेल संपलं तसं मला कोपऱ्यात लोटलं. कामगार येता-जाता माझ्या पत्र्यावर विड्या विझवायचे. पोचाही त्याच दिवसांतला. भट्टीवर साचे करणाऱ्या जयसिंगने हातगाडी मागे घेताना मला धडक दिली आणि वर मलाच शिवी हासडली. असे दिवस होते माझे.

त्या कारखान्यात लालासाब मिस्त्री टर्नर होते. उंच, शिडशिडीत आणि बोलायला फटकळ. त्यांच्या लेथवर धुळीचा कण सापडायचा नाही. "मळकं मशीन म्हंजे मिस्त्रीची बेअब्रू," हे वाक्य नव्या कामगाराला ते पहिल्याच दिवशी ऐकवत, आणि विसरला की पुन्हा ऐकवत. मला वाटायचं, हा माणूस आपल्याकडे कधी बघणारच नाही, कारण कारखान्यात माझ्याइतकं मळकं दुसरं काही नव्हतं. पण १९६९ सालच्या उन्हाळ्यात ते माझ्यासमोर उभे राहिले, बोटाने मला दोनदा वाजवलं आणि म्हणाले, "हाच बरा हाय."

त्याचं कारण त्यांच्या घरी होतं. शहाजादी ही त्यांची एकुलती एक लेक, कॉलेजात सायन्सला. घर बांधताना चुना भिजवायला खणलेला खड्डा परसात तसाच पडून होता. तिने वडिलांच्या मागे लागून त्याला सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि त्याचा हौद केला. खाटेएवढा लांब-रुंद आणि कमरेएवढा खोल. त्यात एक कमळाचा कंद लावला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचपेटीतली पिल्लं फार झाली होती, त्यातले चार सोनेरी मासे तिथल्या शिपायाने तिला दिले. महिनाभर सगळं छान चाललं. मग पाणी हिरवंगार झालं, घाण वास सुटला आणि मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

तिची आई सुलतानबी म्हणाली, "पोरीनं डासांचा कारखाना काढलाय बघा."

"बुजवून टाकतो उद्या," लालासाब म्हणाले.

"अब्बा, पाणी घाण न्हाय, ते थांबलंय," शहाजादी म्हणाली. "फिरवलं की सुधारंल. मला एक ड्रम आन् एक बारकी मोटर द्या. आठ दिसांत न्हाय जमलं तर खुशाल बुजवा."

त्या घरात दखनी आणि मराठी दोन्ही चालायच्या. लाड दखनीत व्हायचे आणि वाद कोल्हापुरीत. हा वाद कोल्हापुरीत झाला आणि पोरगी जिंकली.

मला घरी आणल्यावर माझा वरचा पत्रा कापून काढला आणि पहिल्यांदा आंघोळ घातली ती धुण्याच्या सोड्याने. उकळतं पाणी, सोडा आणि तारेचा ब्रश. तीन दिवस लालासाब मला आतून घासत होते. तेलाचा शेवटचा तवंग गेला तेव्हा कुठे ते थांबले. मग आतून डांबराचा हात दिला, बुडाशी नळी बसवली आणि हौदाच्या काठावर विटांचा ओटा करून मला त्यावर चढवलं. भंगारातली एक मोटर त्यांनी दुरुस्त केली आणि तिच्यासाठी पाणी ढकलणारा पितळी पंखा आपल्या लेथवर स्वतः कातला. हौदातलं पाणी मोटरीने माझ्या डोक्यावर यायचं, माझ्या पोटातून खाली उतरायचं आणि नळीतून परत हौदात पडायचं.

पोट भरायचं काम मात्र शहाजादीचं. तळाला पंचगंगेतले गोटे, त्यावर फुटक्या कौलांचे तुकडे, मग जाडी वाळू आणि सगळ्यात वर नारळाचा काथ्या. जयसिंगने मोठ्या प्रेमाने भट्टीवरची वाळू पोतंभर आणली होती. तिने ती चिमटीत घेऊन चोळली.

"जयसिंगमामा, ही साच्याची वाळू. हिच्यात चिकणमाती हाय. माशांचा दम कोंडंल."

"आता मासं बी मला शिकवणार व्हय," जयसिंग म्हणाला आणि पोतं उचलून परत गेला. दुसऱ्या दिवशी तो नदीची वाळू घेऊन आला.

आठ दिवस सरले तरी पाणी हिरवंच होतं. लालासाब कुदळ घेऊन आले, पण मोटरीचा आवाज ऐकत हौदाच्या काठावर बसले आणि कुदळ बाजूला ठेवून दिली. स्वतः कातलेला पंखा फिरताना बघणं त्यांना आवडत असावं. दोन महिन्यांनी मात्र हौदाचा तळ दिसू लागला. मासे कुठल्या कोपऱ्यात आहेत ते खिडकीतून कळायचं. गल्लीतले लोक बघायला आले. लालासाब सगळ्यांना पंख्याविषयी सांगायचे आणि शहाजादी गप्प बसून हसायची.

मित्रांनो, ती का हसायची ते मला माहीत होतं. माझ्या पोटातल्या गोट्यांवर आणि कौलांवर एक तपकिरी, बुळबुळीत साय धरली होती. दिसायला घाणच, पण ती जिवंत होती. माशांची घाण ती खायची आणि पाणी गोड करून सोडायची. पंखा, वाळू, काथ्या ही सगळी तिची चाकरी करत होती. शहाजादी महिन्यातून एकदा वरचा काथ्या काढून हौदाच्याच पाण्यात खळबळून घ्यायची. मग बाही सारून खांद्यापर्यंत हात आत घालायची, तळाचा एक गोटा काढून त्याचा वास घ्यायची आणि तो होता तिथे ठेवून द्यायची. काय बघतेस, असं तिला कुणी कधी विचारलं नाही. तिनेही कुणाला सांगितलं नाही.

तीन वर्षं अशी गेली. मग ते भांडण झालं.

तिला पुढे शिकायला पुण्याला जायचं होतं. लालासाबांनी मिरजेचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. ती म्हणाली, जाणार. ते म्हणाले, जायचं न्हाई. परसातच बोलणं चाललं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकावं लागलं. शेवटी लालासाब म्हणाले, "जातीस तर जा. पर मला चिठ्ठी लिवायची न्हाई. मी वाचणार न्हाई." दोन दिवसांनी तिचा मामा येऊन तिला पुण्याला घेऊन गेला. जाताना तिने माझ्या पत्र्यावर हात ठेवला. वडील पाठ करून मोटरीला तेल घालत होते. त्या मोटरीला त्या दिवशी तेलाची काही गरज नव्हती.

पत्रं आईच्या नावाने यायची. सुलतानबीला जोडून जोडून वाचता यायचं. ती हौदाच्या काठावर बसून मोठ्याने वाचायची आणि लालासाब जवळच काहीतरी ठाकठोक करत असायचे. प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ ठरलेली, "मासे कसे आहेत?" उत्तर लिहायला बसली की सुलतानबी विचारायची, "तुमच्याकडनं काय लिहू?"

"मासे बरे हायत, लिही," लालासाब म्हणायचे.

बाकी एक शब्द नाही. पण तेवढी ओळ लिहिता यावी म्हणून हा माणूस काय करत नव्हता? वीज गेली की बादलीने पाणी उपसून माझ्यावर ओतायचा. बाहेरगावाहून आला तरी आधी परसात, मग घरात. काथ्या मात्र सुलतानबी खळबळायची, आणि खालच्या दगडांना तर कुणीच हात लावत नव्हतं, कारण ते शहाजादीने लावलेले होते. बापलेकीत जे काय बोलणं उरलं होतं ते या चार माशांच्या तोंडून चाललं होतं. मला हे कळत होतं आणि म्हणून मी कधी तुंबलो नाही.

१९७५ च्या नवरात्रात पत्र आलं, "दिवाळीच्या सुट्टीत जमलं तर येईन म्हणते. मासे केवढे झाले ते बघायचंय."

सुलतानबीने ते पत्र दोनदा वाचलं. त्या आठवड्यात लालासाबांनी परसाची भिंत रंगवली.

मग खंडेनवमी आली. उद्यमनगरातली खंडेनवमी ज्याने बघितली नाही त्याला तिचा थाट सांगून कळणार नाही. त्या दिवशी कुठलंही मशीन चालत नाही. लेथ, ड्रिल, ऐरण, साधा पाना सुद्धा घासूनपुसून लखलखीत करायचा, तेलाचा हात द्यायचा, झेंडूचा हार घालायचा. लालासाब मुसलमान, पण त्यांच्या लेथइतका चकचकीत लेथ त्या दिवशी अख्ख्या ओळीत नसायचा. मशीनने वर्षभर भाकरी दिली, तिचे उपकार एक दिवस तरी मानावेत, असं ते म्हणत. दुपारी ते उरलेला सोडा, तारेचा ब्रश आणि एक हार घेऊन घरी आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"सहा वर्सं झाली, आतनं धुतलेला न्हाई," ते सुलतानबीला म्हणाले. "पोरगी येणार, आन् असं मळकं दाखवू व्हय तिला?"

"तिनं लावल्यात त्या दगडी. राहू द्या की," सुलतानबी म्हणाली.

"परत तश्शाच लावतो. माझा हात काय नवा हाय?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. त्यांनी एकेक गोटा बाहेर काढला. उकळत्या पाण्यात सोडा टाकला. सहा वर्षांची ती साय तारेच्या ब्रशाखाली गटारात वाहून गेली. कौलाचा प्रत्येक तुकडा त्यांनी लेथच्या भागासारखा घासला, नळाखाली तीन पाण्यांनी धुतला आणि होता त्याच जागी ठेवला. क्रम बरोबर, थर बरोबर, सगळं बरोबर. मग मला हार घातला आणि दोन पावलं मागे सरून माझ्याकडे बघितलं. इतक्या कौतुकाने माझ्याकडे त्यांनी कधीच बघितलं नव्हतं. त्यांच्यावर रागावताही येईना मला.

चार दिवस पाणी नितळ होतं. पाचव्या दिवशी ते दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. आठव्या दिवशी पहिला मासा गेला आणि बाराव्या दिवसापर्यंत चारही गेले. लालासाबांनी मोटर उघडली, नळी बघितली, पंखा बघितला. सगळं ठणठणीत. कारखान्याला न जाता ते हौदाकडे बघत बसले.

"बाजारातनं चार आणतो," ते म्हणाले. "तसल्याच रंगाचे. तिला काय कळणार हाय?"

आणले. ते दुसऱ्याच दिवशी गेले.

दिवाळी आठवड्यावर आली होती. सुलतानबी पत्राचा कागद घेऊन काठावर बसली. "तुमच्याकडनं काय लिहू?" तिने नेहमीसारखं विचारलं.

लालासाबांनी मोटरीवर हात ठेवून बघितला. मग म्हणाले, "ती माशांसाठी येणार व्हती. माझ्यासाठी न्हाई. मासे गेले म्हणून कळलं तर कशाला येतीया?"

"मग बरे हायत म्हणून लिहू?"

ते उठले आणि तिच्या हातातला कागद घेतला. माझ्या पत्र्यावर तो टेकवून, उभ्यानेच त्यांनी लिहिलं. लिहिताना ते शब्द पुटपुटत होते, म्हणून मला ते पत्र पाठ आहे. 'शहाजादीस. मासे गेले. चारीबी गेले. खंडेनवमीला मी ड्रम सोड्यानं धुतला, दगड घासले. त्यानं झालं का कशानं, मला कळत न्हाई. चूक माझी हाय, तुझ्या अम्माची न्हाई. आता हौदात काय न्हाई.' इथे ते थांबले. नळीतून पाणी पडत होतं ते ऐकलं. मग खाली लिहिलं, 'तू कशी हायस?'

तीन वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला.

दिवाळीच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. वर नाव लालासाबांचं. त्यांनी ते माझ्याजवळ उभं राहून वाचलं. 'अब्बा, दगडांवर होता तो मळ नव्हता. ते जिवंत होतं आणि पाणी तेच साफ करत होतं. हे मी कधी सांगितलं नाही, त्यामुळे निम्मी चूक माझी. आता मासे आणू नका. मोटर बंद करू नका. रोज सकाळी चिमूटभर कणीक हौदात टाका, मासे आहेत असं समजून. दगडांवर परत साय धरेल. दीड-दोन महिने लागतील. तळाच्या गोट्याला ओल्या मातीचा वास आला की कळवा, मग येते. दिवाळीला येत नाही.'

शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर पत्रात कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीपासून लालासाब रिकाम्या हौदाला कणीक घालू लागले. सकाळी कारखान्याला जाण्याआधी काठावर उकिडवे बसायचे आणि चिमूट चिमूट टाकायचे. गल्लीत चेष्टा झाली. जयसिंगने एकदा भिंतीवरून डोकावून विचारलं, "मिस्त्री, कुणाला चारायलाय?"

"येणाऱ्याला," लालासाब म्हणाले. जयसिंग भिंतीवरून खाली उतरला आणि त्या दिवसापासून गल्लीत कुणी हसलं तर त्याच्याशी भांडू लागला.

तिसऱ्या आठवड्यात ते गोटा हुंगून म्हणाले, "सुलतानबी, हे बघ गं, मातीचा वास येतोय का?" तिने हुंगून सांगितलं, "मला दगडाचाच वास येतोय." त्यांनी पेन काढलं होतं ते परत खिशात ठेवलं. खोटं लिहिलं असतं तर पोरगी महिनाभर आधी आली असती. पण अर्धवट झालेला भाग पास करायची त्यांना सवय नव्हती. मीसुद्धा माझ्या परीने धडपडत होतो. आतून रोज थोडं थोडं काहीतरी धरत होतं, एका गोट्यावरून दुसऱ्यावर सरकत होतं. ते दोन महिने आम्ही दोघांनी एकाच गोष्टीची वाट बघितली, आणि इतकी आस मला आयुष्यात कशाचीच लागली नव्हती.

आठव्या आठवड्यात त्यांनी गोटा हुंगला आणि तो हातातच धरून बसून राहिले. मग पोस्टकार्ड लिहिलं, 'वास आला.'

जानेवारीतल्या एका थंड सकाळी ते कणीक टाकत असताना परसाचं दार वाजलं. शहाजादी आत आली. वाळली होती, चष्मा लागला होता. हातात एक पिशवी, पण माशांची बरणी नव्हती. वडिलांकडे न बघता ती सरळ माझ्याकडे आली, बाही सारली आणि खांद्यापर्यंत हात घातला. गोटा काढून तिने वास घेतला.

"धरलंय," ती म्हणाली.

"मासं आणलं न्हाईस?"

"न्हाई."

"मग आलीस कशाला?" लालासाब म्हणाले. फटकळ माणूस, दुसरं काही सुचलं नाही त्याला.

तिने गोटा जागेवर ठेवला, हात पदराला पुसला. "चिठ्ठीत तुम्ही एक इचारलं होतं, अब्बा. त्याचं उत्तर लिहाय तीनदा बसले. कागद पुरंना."

त्यांनी काठावरची कणकेची वाटी उचलली, खाली ठेवली, परत उचलली. मग स्वतः थोडं बाजूला सरकून तिला जागा केली. "बस," ते म्हणाले. "सांग."

ती सांगत राहिली. त्या दिवशी लालासाब मिस्त्री कारखान्याला गेलेच नाहीत.

पुढे मासेही आले आणि कमळही फुललं, पण ते सगळीकडेच होतं. १९८० साली ती दोघं लेकीकडे पुण्याला कायमची गेली. मोटर कुणीतरी सोडवून नेली. हौदात मुरूम भरला आणि आता त्यावर भाडेकरूंची स्कूटर उभी असते. माझं पोट तेव्हापासून कोरडं आहे. गोटे आत तसेच आहेत. कधी दमट हवा आली की ते थोडे ओले होतात आणि मला उगीच वाटतं, नळी सुरू झाली. मग कळतं की तसं नाही. लालासाबांच्या बोटांची मला फार आठवण येते.

मित्रांनो, ज्याची काळजी घ्याल त्याला आधी नीट ओळखा. घासलं की सगळंच चांगलं होतं असं नाही. आणि तुमचं कुणी रुसून लांब गेलं असेल तर त्याला दुसऱ्या कशाची खुशाली कळवत बसू नका. तू कसा आहेस, तू कशी आहेस, असं सरळ विचारा, आजच विचारा. मला विचारायला कुणी आलंच, तर एवढं करा. बुडाचं भोक बुजवा आणि वरून थोडं पाणी सोडा. सोडा नको, ब्रश नको. लगेच काही होणार नाही, दोन महिने लागतील. तेवढं थांबा. मी तर थांबलेलोच आहे.